पुरवणी

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बाबांनी काल फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी तुला घरी पाठवून दिलं. ऑपरेशन करून आतड्यातली गाठ काढली, ती परत येऊ नये म्हणून केमो द्यायला हवी, पण चौऱ्याहत्तर वय म्हणजे झेपायची नाही, असं म्हणाले म्हणे. बाबांनी विचारलं, तपासून बघितलंत का? तर म्हणाले, त्यात तपासायचं काय, केसपेपरवर वय लिहिलंय की.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आमच्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना केमो सोसेल का, हे पाहायला एक वेगळा विभाग आहे आणि मी तिथेच काम करते. माझं टेबल दारापाशीच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ दोन जिने चढून येतात आणि वर माझ्याशी थट्टा करतात. सदुसष्टच्या एक बाई आहेत, त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात. नुसत्या वयावरून ह्या दोघांतलं काय कळणार? आणि तुझे डॉक्टर तोच एक आकडा बघून तुला मोडीत काढतात. मी हे चालू देणार नाही.

सोबत एक कागद जोडलाय. मूळ इंग्रजी कागदाचं भाषांतर मीच केलंय आणि वर्षभर आमचा विभाग तेच वापरतो. पाच प्रश्न तुझ्यासाठी आहेत, बाकीचं तुझ्या रक्ताच्या रिपोर्टवरून मी भरीन. प्रत्येक उत्तराला गुण आहेत. गुणांची बेरीज केली की औषध किती झेपेल ते ठरतं. खरं म्हणजे हे प्रश्न समोर बसूनच विचारायचे, असा आमच्या विभागप्रमुख मॅडमचा नियम आहे. पण तुझी-माझी काय नवी ओळख आहे का? तुला फोन आवडत नाही, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहितेय.

नीट भर, सगळं ह्यावरच आहे. मला कॉलेजात तू घातलंस. आता तुला मी पास करून घेते.

तुझी
खळखाऊ

१२ फेब्रुवारी

खळखाऊस,

पत्र आलं म्हणून चष्मा पुसून बसले, तर आतून प्रश्नपत्रिका निघाली.

बाइंडिंगच्या टेबलाखाली बसून खळीच्या डब्यात बोटं घालून चाटणारी पोर आता मला परीक्षेला बसवते. बस म्हणालीस, बसले. चाळीस वर्षं मी बोर्डाच्या उत्तरपत्रिका शिवल्या. पानं दुमडायची, मधोमध भोकं पाडायची, दोरा ओवायचा, गाठ मारायची. पुरवण्यांसाठी वेगळे दोरे कापून द्यायचे. माझ्या हातच्या कागदांवर किती पोरं पास झाली असतील, त्याची गणती नाही. मी मात्र चौथीनंतर एकही उत्तरपत्रिका लिहिली नाही. म्हणून ही नीट लिहिली. आधी पाटीवर कच्चं केलं, मग कागदावर.

सहा महिन्यांत किती वेळा पडलात? शून्य. कानानं ऐकू कसं येतं? उत्तम. गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता का? घेते. गल्लीच्या टोकापर्यंत चालता का? चालते. माणसांत मिसळणं कमी झालं का? नाही. एकही प्रश्न सोडला नाही, कुठे खाडाखोड नाही. किती गुण पडले ते कळव.

एक राग आहे, तोही लिहून टाकते. एवढं लांब पत्र. त्यात डॉक्टरांचा उद्धार, तुमच्या विभागाचं कौतुक, मग प्रश्न एक ते पाच. 'आत्या, कशी आहेस' एवढं मात्र कुठे नाही. दोनदा वाचून बघितलं. नाहीच.

तुझी आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कशी आहेस? बघ, ह्या वेळी सगळ्यात आधी लिहिलं.

तुझा निकाल उत्तम आहे. रक्ताचे रिपोर्ट धरूनही मॅडमना तो चांगला वाटला. त्यांनी तुझ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, सोबत तू भरलेला कागद जोडला. तरी डॉक्टर आढेवेढे घेत होते. मग मीच फोन लावला आणि विचारलं, ह्यातल्या कोणत्या उत्तरावरून तुम्ही तिला घरी पाठवलंत ते सांगा. त्यांनी कागद पुन्हा चाळला. मग म्हणाले, एवढ्या ठणठणीत असतील तर दोन्ही औषधं पूर्ण डोसात देऊ. आत्या, आपण जिंकलो. आपल्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच डॉक्टरसमोर मान खाली न घालता बोललं.

मॅडमनी एकदा विचारलं, समोर बसून भरून घेतलास ना? मी हो म्हटलं. तू आणि मी एकमेकींसमोर नसलो तरी समोरच असतो. मी त्याला खोटं म्हणणार नाही, सोय म्हणेन.

पहिली केमो तीन मार्चला. नर्स काय सांगेल ते नीट ऐक.

तुझी
खळखाऊ

८ मार्च

खळखाऊस,

पहिली केमो झाली. नर्स पोरगी गोड आहे. तोंडावर मास्क लावून बरंच काही समजावून सांगत होती, काय ते तिचं तिला ठाऊक. मी हो हो म्हणून आले.

तोंड आलंय. पोट बिघडलंय, ते बिघडतंच म्हणतात. अक्षर वाकडं आलंय कारण आडवी पडून लिहितेय. एवढा त्रास होतो म्हणजे औषध काम करत असणार. गुण येतोय, असंच म्हणायचं.

तुझ्या बापाला काही कळवू नकोस, तो उगाच धावत येतो. आणि फोन करू नकोस.

तुझी आत्या

१५ मार्च

चि. पोरीस,

फोनवर तू रडायला लागलीस म्हणून पुढचं बोललो नाही. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मंगळवारी टेम्पोतून कागदाचे गठ्ठे उतरवले आणि ताईकडे डोकावलो. दार आतून बंद. खिडकीतून हात घालून कडी काढली. ताई न्हाणीत पडलेली. केव्हापासून, ते तिलाही सांगता येईना. अंगात ताप होता आणि पाण्याचा टिपूस उरला नव्हता. पांढऱ्या पेशी एकदम तळाला गेल्यात, असं डॉक्टर म्हणतात. चारपेक्षा जास्त जुलाब झाले किंवा ताप आला तर तडक या, असं नर्सनं तिला बजावलं होतं म्हणे. आणि ताई हो हो म्हणाली होती.

डॉक्टरांनी तुमचा तो कागद माझ्यापुढे टाकला. म्हणाले, तुमच्या मुलीनं भांडून हे करून घेतलं, आता तुम्हीच वाचा. वाचला. सहा महिन्यांत पडल्या नाहीत. अगं, ह्याच सहा महिन्यांत मी स्वतः तिला तीनदा उचललंय, एकदा जिन्यातून, दोनदा घरात. मला एकदा विचारावं, असं तुला वाटलं नाही? घरात पदवी तुला एकटीला आहे, पण डोळे आम्हालाही आहेत.

ये, पण डोकं शांत ठेवून ये. माझं शांत नाही.

बाबा

२६ मार्च

आत्या,

चार दिवस तुझ्या पलंगाशी बसले. मी बोलायला तोंड उघडलं की तू डोळे मिटून घ्यायचीस. डॉक्टर आले की उघडायचीस, सलाइन बदलायला कुणी आलं की उघडायचीस. माझ्यासाठीच तेवढे बंद. म्हणून परत आल्यावर लिहितेय, आणि रागानंच लिहितेय.

तुझे कपडे आणायला मी तुझ्या खोलीवर गेले होते. बटणांच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या. तीन महिन्यांच्या, पाकिटंसुद्धा फोडलेली नाहीत. खालच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, त्या कुठल्या खाली उतरतात हल्ली, दूध मीच वर पोचवते, आणि दार किती ठोठावलं तरी उघडत नाहीत म्हणून उंबऱ्यावर ठेवून येते. दाराआड काठी होती, नवीकोरी. तिच्यावर तू ओला टॉवेल वाळत घातला होतास.

म्हणजे पाच प्रश्नांची पाचही उत्तरं खोटी.

तो पूर्ण डोस तुला मी मिळवून दिला. डॉक्टर नको म्हणत होते, तरी भांडून मिळवला. त्यांची कारणं चुकीची होती, पण त्यांचं ऐकलं असतं तर तू न्हाणीच्या फरशीवर पडून राहिली नसतीस. त्या कागदावर जास्त गुण म्हणजे जास्त धोका असतो, आत्या. तुझ्या पाच उत्तरांना मिळून शून्य आलं होतं. ते शून्य बघून मी सगळ्या विभागाला चहा पाजला.

मला फक्त एवढंच सांग, का केलंस?

(सही करायची इच्छा नाही.)

४ एप्रिल

पदवीधर बाईंस,

का केलंस म्हणून विचारतेस. घे, उत्तर लिहिते.

ज्या कागदावर गुण असतात, त्यावर जास्तीत जास्त मिळवायचे असतात. एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं. चाळीस वर्षं माझ्या हाताखालून तेच छापलेलं गेलंय, एकूण गुण, मिळालेले गुण. औषधाला गुण येतो. पोर गुणाची निघते. वाईटाला गुण म्हणतात हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तू तो शब्द तिथे कशाला घातलास? वर लिहिलंस, पास करून घेते. मी पास व्हायला बसले. आता पेपर काढणारीच परीक्षा देणारीवर ओरडते.

आता प्रश्न पडण्याचा. पडले असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी तुझा बाप माझं सामान टेम्पोत भरणार. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणणार, बघा, मी सांगतच होतो. त्यानं आधीच मला मोडीत काढलेलं. त्याच्या हातात आणखी कोलीत देऊ? आणि मला केमो हवी होती, हे तुला कुणी सांगितलंच नाही का? मला जगायचं होतं म्हणून खोटं लिहिलं, मिरवायला नाही. पडले तरी नाक वर, हे तुला मीच शिकवलं ना? त्याच नाकानं तू डॉक्टरशी भांडलीस, तेव्हा तुला त्याचा अभिमान वाटला.

आता कानांचं. तू जाऊन तीन वर्षं झाली आणि तीन वर्षं आपण पत्रं लिहितो. का लिहितो, हे तुला कधीच सुचलं नाही? म्हणे आत्याला फोन आवडत नाही. अगं, चाळीस वर्षं माझं टेबल कागद कापायच्या यंत्राशेजारी होतं. समोरच्याचे ओठ दिसले तर मला कळतं, नाही दिसले तर नाही. त्या नर्सचे ओठ मास्कखाली होते. आणि तू पलंगाशी बसून बोलायला लागलीस की डोळे मिटायचे, कारण तुझा आवाज बंद करायला माझ्याकडे तेवढी एकच कडी आहे.

समोर बसून एक प्रश्न विचारला असतास, तर दुसरा विचारायच्या आत तुला सगळं कळलं असतं. माझी खोटी पाच, तुझं एकच. पण मॅडमची सही तुझ्या त्या एकावर झाली.

आत्या

१२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी चिडले. टेबलाच्या खणात टाकलं आणि दोन दिवस तो खण उघडला नाही. मग तुझी जुनी पत्रं काढली. 'काल दाराशी कुणी आलं होतं, मला कळलंच नाही.' 'तुझा बाप हल्ली पुटपुटतो.' 'गल्लीत फार शांतता असते आजकाल.' ही सगळी वाक्यं मी वाचली होती. तुझी गल्ली केवढी गजबजलेली असते, आत्या.

मॅडमना सगळं सांगितलं. आपण जिंकलो म्हणून कसं मिरवलं, तेही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, दारापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, आज कागद हातात घ्यायचा नाही, आत येणाऱ्याकडे नुसतं बघायचं. थोड्या वेळानं एक आजोबा आले. सोबतची मुलगी सगळी उत्तरं स्वतःच देत होती. बाबा कधी पडत नाहीत, असं ती सांगत होती. त्यांच्या कोपरावर ताजं खरचटलेलं होतं आणि ते बाही खाली ओढत होते. मॅडम मला म्हणाल्या, "कागदाला डोळे नसतात आणि कानही नसतात. ते तुझे लावायचे, त्यासाठी तुला इथे बसवलंय."

तो शब्द आम्ही काढून टाकला. आता तिथे सरळ 'धोका' लिहिलंय. पण वर्षभरात दोनशे बारा माणसांनी माझ्या 'गुणां'वर उत्तरं दिली आहेत. त्यांतल्या किती जणांना पास व्हायचं होतं, मला माहीत नाही. सध्या आम्ही एकेकाला परत बोलावतोय. यादी माझ्याकडे आहे, ती मीच पुरी करणार. भाषांतर छान झालंय म्हणून विभागात माझं कौतुक झालं होतं. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तुझ्या डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी वय बघितलं आणि मी कागद बघितला. तुझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. आता मॅडम त्यांच्याशी स्वतः बोलल्या आहेत. दोनऐवजी एकच औषध, तेही कमी डोसात, आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं, असं करता येईल. किंवा केमो घ्यायचीच नाही, असंही करता येईल. त्यातही भित्रेपणा नाही, असं मॅडमनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. ठरवायचं तू.

नवा कागद पाठवतेय. भरू नकोस, फक्त वाचून ठेव. मी पुढच्या रविवारी येतेय. उजेडाकडे तोंड करून बसेन आणि सावकाश बोलेन. डोळे मिटायचे असतील तर मीट. तू उघडेपर्यंत मी थांबेन.

कशी आहेस, हे आता पत्रात विचारायची लाज वाटते. समोर विचारीन.

तुझी
खळखाऊ

१८ एप्रिल

खळखाऊस,

भरू नकोस लिहिलंस, तरी भरला. पेपर समोर असला की नुसता वाचून ठेवणं माझ्याच्यानं होत नाही. तू आलीस की पुन्हा विचार आणि ताडून बघ. आता मी कुणाचीही आयती उत्तरं घेऊ देणार नाही, माझीसुद्धा.

किती वेळा पडलात? चार. तीन तुझ्या बापानं मोजलेल्या, चौथी न्हाणीतली. धडपडले, टेकले, तोल गेला, भिंतीला धरलं, हे सगळं वेगळं आणि तेही पुष्कळ. ऐकू कसं येतं? डावा कान गेला, उजव्याला मोठा आवाज तेवढा कळतो. गोळ्या? विसरते. लक्षात आली तर सकाळची घेतली की कालची, ते आठवत नाही. तुझ्या बापानं सात खणांचा डबा आणलाय, रोज संध्याकाळी येऊन खण मोजतो आणि पोलिसासारखा माझ्याकडे बघतो. चालणं? दुकानापर्यंत, मध्ये एकदा बसून. माणसांत मिसळणं? ऐकू येत नाही तिथे जाऊन नुसती मान हलवायची म्हणजे देवळातली घंटा व्हायचं, कुणीही यावं आणि वाजवून जावं. म्हणून जात नाही.

मी टेम्पोत बसून त्याच्या घरी जाणार नाही. ते भांडण झालं आणि मीच जिंकले. त्यानं न्हाणीत धरायला दांडी बसवून दिली. काठीवरचा टॉवेल काढलाय.

औषध एकच घेते, कमी डोसाचं. झेपलं नाही तर थांबवीन आणि थांबवायचं कधी, तेही मीच सांगेन. तुझ्या मॅडमना सांग, मास्क लावायचा तर लावा, पण सांगायचं ते कागदावर लिहून द्या. नर्सला मी हे कालच सांगितलं. ती बिचारी एवढी ओशाळली की मलाच तिची समजूत काढावी लागली.

माझा राग गेला असं समजू नकोस. जाईल तेव्हा कळवीन.

तुमच्या कागदावर जागा संपली, म्हणून पुरवणी जोडलीय. दोरा घरातलाच आहे. गाठ ओढून बघ, सुटणार नाही. पुरवणीवर एक प्रश्न आहे. तुमच्या कागदावर तो नव्हता, म्हणून मीच घातला.

प्रश्न सहावा. भीती वाटते का?

उत्तर. हो.

ह्याचे किती, ते रविवारी समोर बसून सांग.

तुझी आत्या